मधला टेकू

“पण बुवा, माझ्यावाचून तिथलं काहीच अडलं नाही, तर मी तिथे होतो याला अर्थ काय?”

प्रसन्न बिराजदारने हे विचारलं तेव्हा सिद्रामबुवा एका टेकूची पाचर चाचपत होते.

बुवांनी चाळीस वर्षं सेंटरिंगची, म्हणजे ओल्या स्लॅबखाली फळ्या-टेकू उभारायची, कामं केली. आता सीना नदीकाठच्या आमच्या मठात असतात. मठाच्या भोजनशाळेचा स्लॅब टाकून त्या दिवशी बाविसावा दिवस होता आणि खाली लाकडी बल्ल्यांच्या टेकूंची दाटी होती. मी बल्ल्या वाहायला गेलो होतो, म्हणून हे कानावर पडलं.

प्रसन्न पुण्याच्या एका सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीत आहे. दुसऱ्यांचं काम समजून घ्यायचं, त्यांना सॉफ्टवेअर बांधून द्यायचं, त्यांच्या माणसांना शिकवायचं आणि निघायचं. अकरा वर्षं हेच. माणूस हुशार, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

“आता कुटं हाईस?” बुवांनी विचारलं.

“एका मोठ्या धर्मादाय दवाखान्यात. दोन वर्षं झाली. सोमवारी सगळं त्यांच्या हाती देऊन निघायचं.”

“काम चांगलं झालं का?”

प्रसन्नचा चेहरा उजळला. “पहाटे पाचपासून केसपेपरसाठी रांग लागायची, बुवा. आता दहा मिनिटांत होतं. परवा एका म्हातारीने हात जोडले.”

“तुला?”

“खिडकीला. मी मागे उभा होतो.”

...

“दवाखान्याच्या पाटीवर विश्वस्तांची नावं आहेत,” तो म्हणाला. “माझं ओळखपत्र सोमवारी वॉचमन काढून घेईल. याआधी जिथे काम केलं तिथे परत गेलो, तर गेटवर विचारलं, कोण पाहिजे? म्हणून या वेळी...”

“बोल की.”

“निघताना सगळं लिहून द्यावं लागतं. संगणकावर रक्तपेढीची यादी अडकली तर काय करायचं, तेवढी पानं मी लिहिली नाहीत. अडले की मला फोन करतील.”

“आन् फोन लागला न्हाई तर? रगात मागणारा थांबंल व्हय?”

मला प्रसन्नचा राग आला, खोटं कशाला सांगू.

बुवा मात्र रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या हातात हातोडा दिला.

“चल. टेकू काढायचेत.”

तो सरळ भिंतीकडच्या टेकूकडे गेला.

“तितनं न्हाई. मधला आधी.”

“मधला? सगळ्यात जास्त भार तर त्याच्यावर. तो शेवटी काढायला हवा.”

“कडंचे काढून मधला एकटा ठिवला, तर स्लॅब त्याच्यावरच वाकतो. वरनं चीर पडती.”

“पण मधला काढला आणि...”

बुवा त्या टेकूला खेटून, बरोबर स्लॅबच्या खाली जाऊन उभे राहिले.

“मार.”

...

प्रसन्नचा हात दोनदा वर जाऊन खाली आला, पण पाचरीला लागला नाही. तिसऱ्या वेळी लागला. मग आणखी दोन घाव. पाचर निघाली आणि बुवांच्या पटक्यावर थोडी धूळ पडली. तेवढंच झालं.

प्रसन्न शेजारच्या टेकूकडे वळला.

दुपारपर्यंत सगळे टेकू निघाले. भोजनशाळा एकदम मोठी दिसायला लागली. प्रसन्न हात धुऊन आला आणि एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच निवला.

सहाच्या सुमारास तो उठला.

“राहिलेली पानं पाठवली, बुवा. आता त्यांना माझी गरज नाही.” “दोन वर्षं दिली. हातात काय राहिलं?”

बुवांनी पटका झटकून पुन्हा डोक्याला बांधला. बाहेर रचून ठेवलेल्या बल्ल्यांकडे बोट केलं.

“त्यातली एक खांद्यावर घे. वळसंगला शाळेचा स्लॅब टाकायचाय.”