पाय नसलेली बाभळ

एक होता धुळाबा. राजाबिजा नव्हता बरं का, शेळ्या राखायचा. घरात बायको हिराई आणि एवढीशी तान्ही नात. नातीची आई देवाघरी गेलेली, म्हणून टिकली नावाच्या शेळीच्या दुधावर ती वाढत होती. दुसरं कुठलं दूध तिच्या पोटात ठरायचंच नाही.

धुळाबाचा गुडघा दुखायचा. आणि शेळ्या म्हणजे काय, एका जागी चरतील तर शपथ! इथे दोन घास बोरीचे, तिथे चार घास हिवराचे, की चालल्या पुढे. धुळाबा काठी टेकत मागे. रोज सगळा डोंगर पालथा घालायचा.

मग एके दिवशी त्याला ओढ्याकाठी एक बाभळ दिसली. नवलाची बाभळ! शेळीने डहाळी ओरबाडली, की लगेच नवा पाला फुटायचा. धुळाबा म्हणाला, "आता चालतंय कोण!" त्याने काटेरी फांद्या दोरांनी बांधल्या, बाभळीभोवती कुंपण घातलं, शेळ्या आत कोंडल्या आणि आपण सावलीत पसरला.

पहिल्या दिवशी शेळ्यांनी पोटभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी निम्मंच. तिसऱ्या दिवशी पाल्याला तोंड लावलं आणि माना फिरवल्या. पाला हिरवागार, आणि शेळ्या उपाशी! टिकलीची कास सुकली. त्यातच एका करडाला जंत झाले. ते पोट फुगवून कोपऱ्यात बसलं. घरी नातीचा रडून रडून आवाज बसला.

हिराई म्हणाली, "गुडघा तुमचा दुखतो, आणि उपास माझ्या पोरीला! वा रे आजोबा!"

धुळाबाने एक पान चावून बघितलं. तुरट, असं तुरट, की जीभ चामड्यासारखी झाली. पण कुंपण सोडायचं काही त्याच्या मनात येईना. त्याने पाल्यावर मिठाचं पाणी शिंपडलं. शेळ्यांनी मीठ चाटलं, पाला सोडला. मग गुळाचं पाणी शिंपडलं. गुळाला मुंग्या आल्या, शेळ्या काही आल्या नाहीत. मग मात्र धुळाबाने कुऱ्हाड उचलली.

"माझी नात उपाशी मारतेस, घातके!"

तेव्हा बाभळ बोलली. रागाने नाही, आपली सावकाश.

"तुला पाय आहेत, शेळीला पाय आहेत. मला नाहीत. दोन घास खाऊन पुढे गेली, तर माझं काही म्हणणं नाही. पण दिवसरात्र ओरबाडायला लागली, तर मी पळू कुठे? म्हणून पानात तुरटपणा भरते."

"मग शेळीने खावं काय, बाई?"

"बघ जरा. रानात मी एकटीच झाड आहे का?"

धुळाबाची कुऱ्हाड वर ती वरच राहिली. मग ती खाली आली, आणि तिने कुंपणाचे दोर तोडले.

शेळ्या उधळल्या. दोन घास बोरीचे, चार हिवराचे, पुढे, आणखी पुढे. धुळाबा लंगडत मागे. संध्याकाळी टिकलीच्या कासेत जेमतेम वाटीभर दूध उतरलं. नात ते चुटूचुटू प्यायली आणि तिने ढेकर दिली.

सकाळी बघतात तर काय, जंत झालेलं करडू कळपाबरोबर गेलंच नाही. ते एकटंच बाभळीखाली आलं आणि तोच तुरट पाला डोळे मिटून खायला लागलं. धुळाबा काठी घेऊन धावला.

हिराई म्हणाली, "खाऊ द्या हो. त्याच्या पोटाचं त्याला कळतं."

थोड्या दिवसांत जंत पडले. करडू टुणटुण उड्या मारायला लागलं. धुळाबा बाभळीजवळ गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "तुला घातकी म्हणालो, बाई." झाडं उगाच पुन्हा पुन्हा बोलत नाहीत, बरं का.

तेव्हापासून धुळाबा रोज चालायचा. गुडघा दुखायचा तो दुखायचाच. पण नात गुटगुटीत झाली.

रात्र झाली. नात दूध पिऊन झोपली. शेळ्या रवंथ करत झोपल्या. बाभळीला पाय नव्हते, ती उभ्याउभ्याच झोपली. तुम्हांला आहेत ना पाय? मग घ्या ते पांघरुणात, आणि मिटा डोळे.