तारायानाचं बंद दार

फार पूर्वी एका गावात फार पुढच्या गोष्टी सांगणारी एक मावशी राहत होती. राजाराणीच्या गोष्टी तिला येत नव्हत्या. हजार वर्षांनी माणसं ताऱ्यांवर कशी जातील, ते ती सांगायची. दर बाजाराच्या दिवशी मोडक्या तेलघाण्यापाशी बसायची, आणि ऐकणारे तिच्या पदरात पसाभर धान्य टाकायचे. त्यावरच तिचं घर चालायचं.

तिच्या गोष्टीत एक तारायान होतं. त्याला सात खिडक्या आणि मागे एक बंद दार. त्या दारामागे काय आहे, ते ती काही केल्या सांगेना. "गोष्टीच्या शेवटच्या दिवशी उघडू," एवढंच म्हणायची.

गावातला सुतार खेळणी करायचा. या गोष्टीचं तर त्याला वेडच लागलं होतं. एकदा त्यानं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं तारायान कोरलं, सातही खिडक्या रंगवल्या आणि मावशीला दाखवायला नेलं. मावशीनं तोंडावर हातच ठेवला. "अरे, मला अस्संच दिसतं ते!"

सुतार हरखून गेला. इथवर सगळं छान होतं.

मग जत्रा आली. सुतारानं गाडीभर तारायानं केली आणि विकायला नेली. मावशीचं घर त्याच्या वाटेवरच होतं, पण विचारायला तो काही थांबला नाही.

जत्रेत झुंबड उडाली. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काय डोकं आहे! कुणाला सुचलं हे?"

मावशीचं नाव सुताराच्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्यानं ते गिळलं! अहो, चक्क गिळलं!

"मलाच," तो म्हणाला.

"आणि या दारामागे काय?"

आत भरीव लाकूड होतं, दुसरं काय असणार? "काही नाही," सुतार म्हणाला. "रिकामंच आहे."

पुढच्या बाजाराला घाण्यापाशी ही गर्दी! गावोगावची पोरं हातात तारायानं घेऊन आली होती. सुतार तर सगळ्यांच्या पुढे बसला होता. मावशीनं पदर खोचला.

"आज शेवटचा दिवस. आज दार उघडायचं."

पोरं फिदीफिदी हसली. "त्यात काहीच नाही! रिकामं आहे!"

"कोण म्हणालं?"

"सुतारकाका! यान त्यांचंच आहे ना!" आणि एका चिमुरडीनं अगदी भाबडेपणानं विचारलं, "मावशी, तुम्ही त्यांची गोष्ट चोरली?"

मावशी थिजली. ज्या बाईच्या डोक्यातून ते यान निघालं, तिलाच चोर म्हणायचं? तिनं सुताराकडे पाहिलं. आता तरी तो बोलेल असं तिला वाटलं. एक शब्द पुरेसा होता. पण त्याची दातखीळच बसली होती.

मावशी उठली, पदर झटकला आणि घरी निघून गेली. त्या दिवशी धान्याचा एक दाणाही तिच्या पदरात पडला नाही.

संध्याकाळी सुतार तिच्या दारात जाऊन उभा राहिला. "मावशी, चुकलो. उद्या गावोगाव फिरून सांगतो, गोष्ट तुमचीच आहे म्हणून."

"सांग. सांगायलाच हवं," मावशी म्हणाली. "पण आधी विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं का रे? उलट कुठल्या खिडकीला कुठला रंग, तेही सांगितलं असतं."

सुतार जायला वळला आणि पुन्हा मागे फिरला. शेवटी त्याला राहवेना. "मावशी, दारामागे काय होतं?"

मावशीनं उंबऱ्यावर बसकण मारली. मग हळूच म्हणाली, "तेच आठवून बघतेय दुपारपासून. पण मनात ते दार उघडलं की पोरांचं हसणंच ऐकू येतं. आता मलाही ते रिकामंच दिसतं रे."

 सुतार धावत घरी आला. मावशीला दाखवलेलं ते पहिलं तारायान त्यानं काढलं आणि पटाशीनं त्याचं दार फोडलं. आत नुसतं लाकूड. आणखी कोरलं. तरी लाकूडच.

त्या दारामागे काय होतं, ते कुणालाच कधी कळलं नाही.

तात्पर्य: आवडलेल्या गोष्टीचं खेळणं हौसेनं जरूर करावं, पण ते बाजारात मांडण्याआधी ज्याची गोष्ट त्याला विचारावं, आणि त्याचं नाव कधीही गिळू नये.