थोरल्यांची नाळ

माणूस कुठला, हे कोण ठरवतं? एका नदीकाठच्या गावात एक धाकटा भाऊ होता. त्याने हे पाटलांना विचारलं, पुजाऱ्याला विचारलं, पलीकडच्या काठावरच्या शिपायालाही ओरडून विचारलं. कुणीच सांगितलं नाही.

त्या नदीच्या अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे दुसरं. फार पूर्वी पलीकडे दुष्काळ पडला, तेव्हा एक जोडपं तान्ह्या पोराला कडेवर घेऊन अलीकडे आलं आणि या गावातच राहिलं. ते पोर म्हणजे थोरला. धाकटा इथे जन्मला. पुढे साथीत आईबाप गेले. मग थोरलाच धाकट्याची आई झाला आणि बापही झाला.

काय दिवस होते ते! थोरला भाकरी करायचा, ती एका बाजूने हमखास करपायची. ती बाजू स्वतः खायचा आणि म्हणायचा, "मला अशीच आवडते, येड्या." धाकट्याला ते खरंच वाटायचं. जत्रेत गावाची उंच काठी थोरलाच कमरेला पेलून नाचवायचा. म्हाताऱ्या त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडायच्या. तेव्हा तो कुठला, असं कुणाच्या मनातही येत नसे.

एका जत्रेत शेजारच्या गावचा एक जण हसला. "काठी धरायला तुमच्यात गडी उरला नाही वाटतं? पलीकडचा आणलाय!"

पाटलांना ते फार झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चावडीवर नियम केला. "ज्याची नाळ या गावच्या मातीत पुरली, तो आपला. बाकीच्यांनी दिवस मावळायच्या आत नदी ओलांडायची."

पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. नियम करताना बायकांना कुणी विचारलं नाही.

सुईणीला बोलावलं. ती म्हणाली, "धाकट्याची नाळ मीच पुरली त्यांच्या घरामागं. थोरला आला तो कडेवर बसून."

"मग झालं तर," पाटील म्हणाले.

धाकटा किंचाळला, "दादा जाणार तर मीपण जाणार!"

"तू कुठं जातोस? शेळीला पाणी कोण दाखवणार?" थोरला हसून म्हणाला. "पाटलांचा राग उतरला की येतोच मी."

तो नदीत उतरला. पलीकडे त्याने विनवणी केली, तर तिथल्या शिपायाने भाला आडवा धरला. "बोली तर तिकडची दिसते. फिर माघारी."

तो माघारी आला. अलीकडचा राखणदार त्याच्याच बरोबरीचा, लहानपणी त्याच्याकडूनच पोहायला शिकलेला. तो खाली बघून म्हणाला, "नियम आहे रे. मी काय करू?"

शेवटी थोरला नदीच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यावर जाऊन बसला. तिथून त्याने हाक मारली, "जेवलास का रे?"

धाकटा काठावरून म्हणाला, "हो." जेवला नव्हता.

तिकडे गावात पाटील नियम घेऊन घरोघर निघाले. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. पाटलीणबाई दारात उभ्या राहिल्या.

"अहो, मग आपल्या थोरल्याचंही गाठोडं बांधू का?"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"पहिलं बाळंतपण माहेरी होतं, एवढंही ठाऊक नाही? माझं माहेर पलीकडच्या काठाचं. त्याची नाळ माझ्या बापाच्या परसात आहे. आणि सासूबाईंचं माहेरही तिकडचंच. तुम्ही त्यांचे पहिले!"

शेजारणी बाहेर आल्या. एक म्हणाली, "माझाही थोरला तिकडचाच." दुसरी म्हणाली, "माझी थोरली पण." कितीतरी पिढ्या या गावाच्या सुना पलीकडून येत होत्या आणि पहिलटकरीण होऊन पलीकडेच जात होत्या. गावात एकही थोरला इथला निघेना.

पाटलांचा चेहरा पडला. "मग आत्ता बोलवा ना त्या पोराला," पाटलीणबाई म्हणाल्या. पण सकाळी केलेला नियम संध्याकाळी मोडायचा, तर लोक हसतील. पाटील म्हणाले, "उजाडल्यावर बघू."

रात्री वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि नदी फुगली. उजाडल्यावर वाळूचा उंचवटा दिसत नव्हता. दुपारी थोरला सापडला, अलीकडच्या काठाला, बाभळीच्या मुळांत अडकलेला.

पाटील रडत म्हणाले, "तो आपलाच होता रे!"

"काल म्हणायचं होतं, पाटील," धाकटा म्हणाला.

तिरडीला खांदा द्यायला गावातले सगळे थोरले पुढे आले. धाकट्याने त्यांना आधी ढकलून दिलं. मग एकट्याला उचलेना, तेव्हा खांदा देऊ दिला.

तिसऱ्या दिवशी पूर ओसरला, तेव्हा धाकट्याने राख मडक्यात भरली. पुजारी म्हणाला, "आपल्या काठाला सोड." धाकट्याने ऐकलं नाही. मडकं छातीशी धरून तो नदीच्या मधोमध गेला आणि वाहत्या पाण्यात राख सोडली. ती कुठल्या काठाला लागते, हे बघायला तो थांबला नाही.

तात्पर्य एवढंच: आपला कोण आणि परका कोण हे जन्माच्या जागेवरून शोधायला निघालं, तर पहिला परका आपल्याच घरात सापडतो. आणि चूक कळल्यावरही जो उजाडायची वाट बघतो, त्याला माणूस परत मिळत नाही.