कागदी भोपळ्याचा मान

खूप वर्षांपूर्वी नवरात्राच्या तोंडावर वेणूताईंनी देवीच्या आराशीसाठी खऱ्या भोपळ्यावर रद्दीचे थर चिकटवून कागदी भोपळा केला.

वाळल्यावर तो म्हणाला, "दादा, मीही भोपळाच ना?"

आतला खरा भोपळा हसला. "तू रद्दी. तुला कोण भोपळा म्हणणार?"

कागद सोडवायला सुरी घेतलेल्या वेणूताई थबकल्या. "अहो, पहिली सुरी तुम्ही लावा. अख्खा भोपळा बायकांनी चिरू नये."

"अगं, कागदाचा आहे तो."

"असू दे. देवीपुढे भोपळा म्हणूनच बसणार आहे."

यजमानांनी हात जोडून सुरी लावली. कागदी भोपळ्याने त्या घावाबद्दल मनोमन देवीचे आभार मानले.

वेणूताईंनी खरा भोपळा बाहेर काढून काप सांधला, केशरी रंग दिला, देठाला सोनेरी जर गुंडाळली.

"धाकट्या," खरा भोपळा म्हणाला, "सरळ बस. तुझी जर चुरगळेल."