तळघराला आलेला घाम

कराडचे खराडे कंत्राटदार म्हणजे बडं प्रस्थ. घर आपलं असलं तरी त्यांच्यासमोर आपणच अदबीनं उभं राहायचं! त्यांनी प्रमिलाताई ढोबळ्यांच्या नव्या घराचं तळघर बांधलं आणि दुसऱ्याच महिन्यात तिथे घोटाभर पाणी साचलं. पाणी उपसायचा पंप नुसताच गुरगुरायचा, कारण पाणी पंपापर्यंत आणणाऱ्या निचऱ्याच्या पाइपाला उतारच दिला नव्हता. ताई तीनदा सांगायला गेल्या आणि तिन्ही वेळा एकच उत्तर घेऊन आल्या.

"वहिनी, ही गळती नव्हे. नव्या भिंतींना घाम येतोच. तळघर कोरडं ठणठणीत आहे."



पुढे खराड्यांना शेजारच्याच प्लॉटचं काम मिळालं. सिमेंटचा ट्रक आला, पण पोती ठेवायला शेड उभी नव्हती. ताई लगबगीनं बाहेर आल्या आणि चारचौघांदेखत हमालांना म्हणाल्या, "पोती आमच्या तळघरात उतरवा. कोरडं ठणठणीत आहे, साहेबांचाच शब्द आहे."

हमालानं पहिलं पोतं पाठीवर घेतलं मात्र, खराडे ओरडत धावले, "अरे, थांब! तिथे ठेवलंस तर चार दिवसांत सगळ्या सिमेंटचा दगड होईल!"

ताईंनी शांतपणे विचारलं, "नुसत्या घामानं हो, भाऊ?"

प्लॉटचे मालक तिथेच उभे होते. "माझा पाया ताईंचं तळघर सुकल्यावर," असं त्यांनी जागच्या जागी बजावलं. मग काय, कडक इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून खराडे स्वतः त्या घामात उतरले.