उंबरावरची हाक

जंगलाला अजून वाट फुटली नव्हती, तेव्हाची गोष्ट. उंबरावर वानरांची टोळी राही, खाली चितळं चरत. वाघ दिसला की टोळीचा नायक हुप्या ओरडे आणि चितळं उधळत.

एकदा उपाशी वाघ उंबराखाली येऊन म्हणाला, "हुप्याराव, फक्त गप्प बसा. तुमच्या पोरांना मी नख लावणार नाही."

"करा की कबूल!" झिपरी वानरीण म्हणाली. "चितळं काय आपली सोयरी आहेत?"

"नाहीत. पण उंचावर बसून सगळं पाहायचं आणि गप्प राहायचं, तर मी नायक कसला?"

दुसऱ्याच दिवशी गवत हललं. हुप्या जीव तोडून ओरडला, "खॅक! खॅक!" चितळं वाऱ्यासारखी सुटली. एक गाभण चितळ तेवढी मागे राहिली.

वाघ गुरगुरला, "पुन्हा ओरडलास तर तुमची पोरं संपली!" आणि तिच्याकडे वळला.

हुप्या पुन्हा ओरडला, एकटाच. इतक्यात शेजारच्या फांदीवरून दुसरी हाक उठली! पोर पोटाशी घट्ट धरून झिपरी ओरडत होती. मग अख्खा उंबर ओरडू लागला. गाभण चितळ धडपडत झाडीत शिरली. वानरं आसपासच्या झाडांवर पसरली आणि वाघ जिकडे वळे, तिकडचं झाड ओरडून त्याचा ठावठिकाणा सांगू लागलं!