लालीची पितळी घोडी

गिटार विजेवर वाजू लागली, तेव्हाची गोष्ट. लाली नावाच्या गिटारला आपल्या तारा पेलणाऱ्या काळपट पितळी घोडीची लाज वाटे. ऑर्केस्ट्रावाले शेठ तिला घ्यायला येणार, म्हणून तिनं हट्टानं गिटारी दुरुस्त करणाऱ्या बरजोर मिस्त्रींकडून हलकी, चकचकीत घोडी बसवून घेतली. गिऱ्हाइकानं सूर ऐकेपर्यंत जुना भाग टाकायचा नाही, हा मिस्त्रींचा नेम. त्यांनी जुनी घोडी फडक्यात ठेवली.

शेठनी तार छेडली. सूर चिरका निघाला आणि लगेच विझला.

"रूप झकास, पण दम नाही हो!" शेठ उठले.

"चहा तरी घ्या," मिस्त्री म्हणाले.

"आजी, ये ना गं!" लालीनं रडवेली होऊन फडक्यातल्या जुन्या घोडीला हाक मारली.

"आले गं बये!"

चहा संपायच्या आत मिस्त्रींनी जुनी, जड घोडी जागेवर बसवली, आणि लालीचा सूर दुकानभर रेंगाळला. शेठ खुशीत हसले.

"मिस्त्री," म्हातारी घोडी म्हणाली, "त्या नव्या पोरीला माझ्या फडक्यात जपून ठेवा. कुठल्यातरी गिटारला तीच लागेल."